‘खरा ड्रायव्हर स्टेबिलिटी कंट्रोल बंद करतो’ हा दावा जिवावर बेतणारा आहे

वेगवान गाड्यांच्या शौकिनांत सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की इलेक्ट्रॉनिक स्टेबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, हे हात न बसलेल्यांसाठी असतं. ज्याला गाडी कळते तो स्पोर्ट्स कारमध्ये बसला की आधी ते बटण दाबून बंद करतो. कारणं चार दिली आहेत. कौशल्य असेल तर संगणक वेगळं काही करत नाही. फॉर्म्युला वनमध्ये असलं काही नसतं. पोर्शच्या करेरा जीटीसारख्या दिग्गज गाडीत ते नव्हतंच. आणि त्याने गाडी मंद होते, चालक आळशी होतो. शेवटी सल्ला आहे, ‘बंद करा, तरच शिकाल.’

हा सल्ला रेसर वाचत नाहीत. तो वाचतात नुकतीच पहिली मागच्या चाकांवर चालणारी दमदार गाडी हाती आलेली पोरं, आणि रविवारी पहाटे ती गाडी घेऊन घाटात जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कौशल्य असेल तर संगणक वेगळं काही करत नाही.’ सगळा दावा या वाक्यावर उभा आहे आणि नेमकं हेच वाक्य चूक आहे. ईएससी काय करतं ते बघा. स्टेअरिंग किती फिरवलंय हे एक सेन्सर सांगतो, म्हणजे चालकाला कुठे जायचंय ते कळतं. गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळतेय हे दुसरा सांगतो, म्हणजे ती खरोखर कुठे चाललीय ते कळतं. बाजूला किती जोर पडतोय आणि चारही चाकं किती वेगाने फिरताहेत हेही मोजलं जातं. या मोजमापांची तुलना दर सेकंदाला कित्येक वेळा होते. जायचंय एकीकडे आणि चाललीय दुसरीकडे असं दिसलं, की इंजिनाची ताकद कमी केली जाते आणि एकाच चाकाला ब्रेक लावला जातो. डाव्या वळणावर मागची चाकं सुटून शेपूट बाहेर यायला लागली तर पुढचं उजवं चाक दाबलं जातं. पुढची चाकं वाहवत जाऊन गाडी वळेनाशी झाली तर मागचं डावं.

आता आपल्या पायाखाली बघा. ब्रेकचा पेडल एकच आहे. तो दाबला की चारही चाकांना ब्रेक लागतो. वॉल्टर रोर्लने 1980 आणि 1982 साली जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकलं, पण त्याच्याही पायाला एकट्या उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक दाबता येत नाही. तो उलटं स्टेअरिंग देईल, रेस तोलून धरेल, वजन पुढे-मागे खेळवेल, आणि हे सगळं आपल्यापेक्षा शंभरपट चांगलं करेल. ईएससी करतं ते काम मात्र त्याच्या हातापायांत नाही, कारण त्यासाठी लागणारं साधनच चालकाला दिलेलं नाही. त्यामुळे ‘कौशल्य की ईएससी’ अशी झुंज लावण्यात अर्थ नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

वेळेचाही हिशेब आहे. ताशी 100 किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते. मागची चाकं सुटल्याचं कळून हात हलेपर्यंत अर्धा सेकंद गेला तर 14 मीटर गेले, म्हणजे तीन गाड्यांची लांबी. घाटातल्या वळणावर तेवढ्यात कठडा येतो.

तरीही हा दावा लोकांना का पटतो, ते मला एकदा ताम्हिणीत कळलं. जूनचा पहिला पाऊस होता. चार-पाच महिन्यांची धूळ आणि सांडलेलं ऑइल भिजून वर आलेलं, रस्ता साबण फिरवल्यासारखा. मित्र चालवत होता, मी शेजारी. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, दणकट इंजिनाची. त्याचा हात चांगला आहे, हे आधीच सांगतो. एका उजव्या वळणातून बाहेर पडताना त्याने रेस जरा लवकर दिली आणि माझ्या सीटखाली मागचा भाग बाजूला सरकल्याचं मला स्पष्ट जाणवलं. त्याच क्षणी डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं ते पिवळं चित्र लुकलुकलं, खालून घर्र असा आवाज आला, रेस दाबलेली असूनही इंजिन दबलं आणि गाडी सरळ झाली. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. उलटं स्टेअरिंग द्यायला त्याने सुरुवात केली तेव्हा गाडी सरळ झालेली होती. तो म्हणाला, “बघ, कशी सांभाळली!”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटलं होतं. ईएससीचं काम इतक्या लवकर आटोपतं की श्रेय आपोआप हातांना जातं. अशा पाच-सात प्रसंगांनंतर माणूस पक्कं धरून चालतो की आपल्याला त्या बटणाची गरज नाही. तो ज्या अनुभवावर विसंबून ते बंद करतो, तो अनुभव त्याचा नसतोच.

आकडे हेच सांगतात. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने ईएससी असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची तुलना केली. एकट्या गाडीच्या प्राणघातक अपघाताचा धोका ईएससीमुळे जवळपास निम्म्याने घटल्याचं त्यात दिसलं. एकट्या गाडीचा अपघात म्हणजे दुसरं कुणी आडवं न येता गाडी स्वतःच रस्ता सोडून गेली.  अमेरिकेने सप्टेंबर 2011 पासून सगळ्या नव्या हलक्या वाहनांत ईएससी सक्तीचं केलं, युरोपने नोव्हेंबर 2014 पर्यंत. त्या सक्तीतून स्पोर्ट्स कारना सूट मिळाली नाही. डॉज व्हायपर वर्षानुवर्षं ‘इथे इलेक्ट्रॉनिक आया नाहीत’ अशा तोऱ्यात विकली गेली. 2010 ला बंद होऊन 2013 च्या मॉडेलने ती परतली तेव्हा तिच्यातही ईएससी होतं.

त्याआधी ऑडी टीटीचं काय झालं तेही आठवा. 1998 साली आलेली ती देखणी कूपे. जर्मनीच्या ऑटोबानवर भरवेगात मार्गिका बदलताना किंवा वळणात रेस सोडताना मागून सुटायला लागली, माणसं गेली. कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, मागे छोटा स्पॉइलर लावला आणि ईएसपी, म्हणजे ईएससीच दुसऱ्या नावाने, दिलं. त्या गाड्या चालवणारे सगळेच अनाडी होते, असं कोण म्हणेल?

‘फॉर्म्युला वनमध्ये नसतं.’ नसतं हे खरं. पण का नसतं? 1993 च्या विल्यम्स संघाच्या एफडब्ल्यू 15 सी गाडीत अँटिलॉक ब्रेक (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारे), ट्रॅक्शन कंट्रोल (रेस दिल्यावर चाकं जागच्या जागी फिरू न देणारं) आणि संगणकावर चालणारं सस्पेन्शन होतं, आणि ती बाकीच्यांना हरवत सुटली. 1994 पासून चालकाला मदत करणाऱ्या अशा यंत्रणांवर बंदी आली. ट्रॅक्शन कंट्रोल 2001 च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून परत आलं, कारण कोण चोरून वापरतंय हे पकडणं जमत नव्हतं. 2008 ला सगळ्यांना एकच नियंत्रण संगणक दिला तेव्हा ते गेलं. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे ईएससी नव्हे, तो त्याचा चुलतभाऊ. पण मुद्दा तोच राहतो. बंदी घातली ती यंत्रणा निरुपयोगी होती म्हणून नव्हे, फार उपयोगी होती म्हणून. शूमाकरने 2002, 2003 आणि 2004 ची अजिंक्यपदं ट्रॅक्शन कंट्रोल वापरायला मोकळीक असलेल्या हंगामांत जिंकली. त्याला हात नव्हता, असं म्हणायची कुणाची छाती आहे? आजही जीटी 3 वर्गाच्या रेस कारमध्ये अँटिलॉक ब्रेक आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चालतात, आणि त्या गाड्या व्यावसायिक रेसर चालवतात.

करेरा जीटीबद्दल मी जपून लिहितो, कारण त्या गाडीवर माझं लहानपणापासून प्रेम आहे. 5.7 लिटरचं व्ही 10 इंजिन, 612 अश्वशक्ती, सुमारे 1270 गाड्या बनल्या. ईएससी नव्हतं हे खरं. 30 नोव्हेंबर 2013 ला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटाजवळ याच गाडीत अभिनेता पॉल वॉकर गेला. गाडी चालवत होता त्याचा मित्र, हौशी असला तरी शर्यतींचा अनुभव असलेला माणूस, तोही गेला. तपासात वेग ताशी 129 ते 150 किलोमीटर निघाला, रस्त्याची मर्यादा होती 72. टायर नऊ वर्षं जुने होते. ईएससी असतं तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. त्या वेगात आणि त्या टायरवर तसं कुणालाच म्हणता येणार नाही. पण ‘खऱ्या ड्रायव्हरला गरज नसते’ हे पटवायला हीच गाडी पुढे करणं मला सहन होत नाही. आणि पोर्शचं स्वतःचं उत्तर काय होतं? 2009 च्या 911 जीटी 3 मध्ये त्यांनी स्टेबिलिटी सिस्टिम आणली. त्यांच्या कट्टर ट्रॅकवाल्या गाडीत! करेरा जीटीची वारसदार 918 स्पायडरही त्यासकटच आली.

‘गाडी मंद होते’ यात मात्र तथ्य होतं, आणि ते मान्य करायला हवं. सुरुवातीच्या यंत्रणा धसमुसळ्या होत्या. जरा शेपूट हललं की इंजिनाचा गळा दाबायच्या आणि ट्रॅकवर लय मोडायच्या. आता तसं नाही. फेरारीच्या 2013 च्या 458 स्पेशालेत किती घसरू द्यायचं याचाच हिशेब ठेवणारी यंत्रणा आली. कॉर्व्हेटमध्ये 2010 पासून पाच पायऱ्या मिळतात. शेवटच्या पायरीवर स्टेबिलिटी बंद असते, पण चाक जागच्या जागी फिरण्यावर ताबा राहतो. बंद ट्रॅकवर, मोकळी जागा असताना, शिकवणारा शेजारी असताना पायरी-पायरीने मदत कमी करत शिकावं. जरूर शिकावं. मला तेच हवंय. पण सार्वजनिक रस्त्यावर शेतातून परतणारी बैलगाडी वळणापलीकडे असू शकते, तिथे शिकवणी नको.

राहिला आळशीपणा. ईएससी पकड निर्माण करत नाही, हे त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनाही सांगायला हवं. 100 मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या डांबरावर ताशी सुमारे 100 किलोमीटर ही हद्द असेल, तर पकड निम्मी झालेल्या ओल्या रस्त्यावर ती 70 च्या आसपास येते. त्यापुढे गेलात तर एकेका चाकाला ब्रेक लावूनही गाडी बाहेरच जाणार. त्या वळणात 70 ने शिरायचं की 100 ने, हे संगणक ठरवत नाही. ते पुढे नजर ठेवणारा चालक ठरवतो, आणि कौशल्याची खरी जागा तिथे आहे, गाडी सुटण्याच्या आधी.

आणि घाटात निघण्यापूर्वी टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का बघा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2216 असेल तर तो टायर 2016 च्या बाविसाव्या आठवड्यातला आहे. रबर तेवढं जुनं असेल तर बटण चालू ठेवूनही त्या गाडीने घाटात जाऊ नका.