कालवं महाग का? एका फॉरवर्डला उत्तर

एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचं सार असं: कालवं (शिंपल्यात राहणारे समुद्री जीव, इंग्रजीत ऑयस्टर) एकेकाळी गरिबांचं खाणं होतं. ती खडकांवर आपोआप वाढतात, त्यांना खाद्य घालावं लागत नाही, एकेक मादी कोट्यवधी अंडी देते. पाण्यातून उचलायची आणि विकायची, एवढंच काम. तेव्हा आजचा भाव हा हॉटेलवाल्यांनी मोत्यांच्या नावावर रचलेला बनाव आहे.

मोत्यांचं सोडलं तर यातलं बरंचसं सुटं सुटं घेतलं की खरं आहे, किंवा खऱ्याच्या आसपास आहे. म्हणूनच तो लोकांना पटतो. घोळ आहे तो निष्कर्षात.

आधी गरिबांच्या खाण्याबद्दल. एकोणिसाव्या शतकात लंडन-न्यूयॉर्कमध्ये कालवं हातगाडीवर मिळायची, कामगार ती पोटभर खायचे, हे मान्य. पण ती स्वस्त का होती, हे त्या मजकुरात कुठेच येत नाही. कालवाची अळी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते आणि मग एखाद्या टणक जागेला कायमची चिकटते. त्यासाठी तिला सगळ्यात सोयीचा पडतो तो दुसऱ्या कालवाचा शिंपला. असे शिंपल्यावर शिंपले चढत पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे बांध तयार होतात. एकोणिसाव्या शतकात लोखंडी दातांच्या जाळ्या तळावरून ओढून हे बांधच उचकटले गेले. रिकामे शिंपले परत समुद्रात गेले नाहीत. काहींचा चुना भाजला, काही रस्त्यांवर पसरले. उघड्या तळावर गाळ बसला आणि पुढच्या अळ्यांना टेकायला जागाच राहिली नाही. व्याज समजून लोक मुद्दल खात होते, आणि भाव व्याजाचा होता.

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात हे अगदी स्पष्ट दिसतं. स्वतःकडचे बांध संपवून उत्तरेकडच्या राज्यांतल्या बोटी तिथे येऊ लागल्या, तेव्हा मेरीलँड राज्याने 1820 मध्येच त्यांना बंदी घातली. पुढे कालवांवरून गोळीबार होऊ लागले. 1868 मध्ये राज्याला फक्त कालवांच्या राखणीसाठी सशस्त्र बोटींचं दल उभं करावं लागलं. (ज्याच्यासाठी बंदुका लागतात त्याला ‘फुकटचं’ म्हणणं मला तरी जमत नाही.) 1880 च्या दशकात एकट्या मेरीलँडने एका हंगामात दीड कोटी बुशेल कालवं काढली. एक बुशेल म्हणजे साधारण 35 लिटरची टोपली. त्यानंतर तो आकडा पुन्हा कधीच गाठला गेला नाही. 1950 च्या दशकाअखेर रोग आला आणि उरलेल्यांतली बरीच गेली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात कालवांचे सुमारे 85 टक्के नैसर्गिक बांध नष्ट झाल्याचं म्हटलं होतं. म्हणजे त्या काळचा भाव ज्या साठ्यावर उभा होता, तो साठाच आता नाही.

जिथे जंगली कालवं शिल्लक आहेत तिथे ती मुद्दामच सावकाश काढायला लावतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला फाल नदीच्या खाडीत आजही इंजिन लावून कालवं काढायला मनाई आहे. शीड आणि वल्हं, बस्स. यंत्र चाललं तर दोन-चार हंगामांत तळ मोकळा होईल, हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. पण मग त्या संथ कामाची मजुरी भावात येणारच.

आता ‘आपोआप वाढतात’. आज बाजारात येणारी बहुतेक कालवं शेतीतली असतात आणि त्यातल्या बऱ्याच शेतीचं बीज, म्हणजे चिमुकली कालवं, हॅचरीतून येतं, म्हणजे अंड्यांपासून अळ्या वाढवणाऱ्या केंद्रातून. मोठं कालव पाण्यातलं शेवाळ स्वतः गाळून खातं हे खरं. पण हॅचरीतल्या अळीला एकपेशीय शेवाळ खाऊ घालावं लागतं, आणि ते शेवाळ स्वच्छ टाक्यांत, दिवे लावून, रात्रंदिवस वाढवावं लागतं. हॅचरीचा मोठा खर्च तिथेच होतो. शिवाय पाणी थोडं बिघडलं की सगळं संपतं. 2007-08 च्या सुमारास अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॅचरीत अळ्या मोठ्या प्रमाणावर मरू लागल्या. कारण निघालं खोल समुद्रातून वर येणारं, नेहमीपेक्षा जास्त आम्लतेचं पाणी, ज्यात अळीला शिंपला धरताच येत नव्हता. तेव्हापासून पाण्याची आम्लता सतत मोजणं आणि ती सुधारणं हाही धंद्याचा खर्च झाला.

बीज पिशव्यांत किंवा टोपल्यांत भरून खाडीत ठेवलं की शेतकरी घरी जातो, अशी समजूत असेल तर ती सोडा. कालवं एकमेकांना चिकटून वेडीवाकडी वाढतात. तशी ती कच्ची खायला मांडता येत नाहीत, त्यामुळे त्यांना भाव येत नाही. म्हणून पिशव्या वरचेवर हलवायच्या, उलटायच्या. त्याने वाढती धार तुटते आणि शिंपला लांब होण्याऐवजी खोलगट होतो. पिशवीवर शेवाळ आणि बार्नेकल (टणक कवचाचे, चिकटून बसणारे छोटे जीव) चढतात, मग आतलं पाणी खेळत नाही, म्हणून ते खरवडायचं. आकारानुसार निवडून पुन्हा वेगळ्या पिशव्यांत भरायचं. हे सगळं दीड ते तीन वर्षं. तेही आपल्या सोयीने नाही: किनाऱ्यालगत पिशव्या ज्यांवर ठेवतात ते मांडव उघडे पडतात ते ओहोटीला, आणि सगळ्यात खालचे मांडव अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीलाच. थंड देशांत हिवाळ्यातली मोठी ओहोटी काही किनाऱ्यांवर रात्री येते. कपाळाला दिवा बांधून, गुडघाभर गार चिखलात भरलेल्या पिशव्या उचलणाऱ्यांना ‘आपोआप’ ऐकवून पाहावं.

एवढं करूनही पीक हाती लागेलच असं नाही. 2008 मध्ये फ्रान्समध्ये नागिणीच्या विषाणूशी दूरचं नातं असलेला एक विषाणू पसरला आणि ठिकठिकाणी वर्षभराच्या आतलं निम्म्याहून जास्त बीज मेलं. त्याआधी 1970 च्या सुमारास तिथल्या शेतांतली एक अख्खी जात विषाणूने साफ झाली होती आणि तिच्या जागी पॅसिफिक कालव आणून वसवावं लागलं. मेलेल्या पिकाचा भार जगलेल्या पिकावर पडतो. कुठल्याही शेतीत असंच असतं.

कोट्यवधी अंड्यांचा मुद्दा ऐकायला जोरदार आहे, पण पोकळ आहे. अंडी इतकी असतात कारण त्यातली जवळजवळ सगळी मरतात. आणि गंमत म्हणजे आजच्या अनेक शेतांतली कालवं जवळजवळ वांझ असतात, तीही मुद्दाम केलेली. अंडी धरलेलं कालव दुधाळ आणि मऊ पडतं, अंडी सोडल्यावर रोडावतं. म्हणून गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेलं बीज तयार करतात. ते प्रजननात शक्ती घालवत नाही, भराभर वाढतं आणि उन्हाळ्यातही विकता येतं. अंड्यांवरून भाव काढायचा तर यांचा काय काढणार?

मोत्यांचं एका वाक्यात: मोती देणारे शिंपले वेगळ्या कुळातले आहेत, खाण्याच्या कालवात क्वचित खडा सापडला तरी त्याला ती झळाळी नसते.

‘उचलायची आणि विकायची’ हा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो धोकादायक आहे. पाण्यात सांडपाणी मिसळलं असेल तर त्यातले जंतू गाळून खाणाऱ्या कालवात साठतात, आणि कालव तर बऱ्याचदा कच्चंच, आतड्यासकट खाल्लं जातं. 1902 मध्ये इंग्लंडात विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन इथल्या महापौरांच्या मेजवान्यांनंतर पाहुण्यांना टायफॉइड झाला. मृतांमध्ये विंचेस्टर कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरूही होते. कालवं एम्सवर्थची होती, जिथे गावाचं सांडपाणी त्यांच्या पट्ट्यांजवळ सुटत होतं. 1924-25 च्या हिवाळ्यात अमेरिकेत कालवांमुळे सुमारे दीड हजार लोकांना टायफॉइड झाला, दीडशेच्या आसपास मेले. न्यूयॉर्क बंदरातले कालवांचे शेवटचे पट्टे 1927 मध्ये प्रदूषणापायी बंद झाले. त्या स्वस्त कालवांच्या किमतीत हे मृत्यू मोजलेले नव्हते.

आजचे नियम त्यातून आले. युरोपात पाण्याचे वर्ग ठरतात ते कालवाच्या मांसातल्या ई. कोलाय जंतूंच्या मोजणीवरून. वरच्या वर्गातलं कालव थेट विकता येतं, त्याखालचं आधी शुद्ध करावं लागतं. ब्रिटनमध्ये सहसा अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेल्या पाण्यात किमान 42 तास. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस त्यानेही पुरता जात नाही, म्हणून जोराचा पाऊस पडून गटारं तुंबली की शेतंच काही काळ बंद ठेवतात. त्या दिवसांत विक्री शून्य, खर्च चालू. उबदार पाण्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू तर सांडपाण्याशिवायही असतो. त्याची लागण झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक दगावतो. म्हणून पाण्यातून काढल्यावर किती तासांत थंडीत जायला हवं, हे काही ठिकाणी नियमाने बांधलेलं आहे. अमेरिकेत प्रत्येक पोत्याला कुठून, कधी काढलं याची चिठ्ठी असते आणि विकणाऱ्याला ती 90 दिवस जपावी लागते.

यात भर अशी की माल जिवंत पोचवावा लागतो. वाटेत शिंपला उघडा पडून मिटेनासा झाला की ते कालव टाकून द्यायचं. आणि ज्याचं भाडं भरलं त्या वजनात बहुतेक शिंपलाच असतो, मांस अगदी थोडं.

राहिली हॉटेलं. इथे तो मजकूर निम्मा बरोबर आहे. शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि ताटातला भाव यांत मोठी दरी असते, आणि त्यात थाटाचा वाटा असतोच. पण ती दरी सगळी थाटाची नाही. कच्चं कालव ऐनवेळी, एकेक करून, सुरीने हातानेच उघडतात. शिंपल्याची कपची आत पडू द्यायची नाही, आतलं पाणी सांडू द्यायचं नाही, खराब निघालं तर ग्राहकाला दिसायच्या आत बाजूला काढायचं.

कच्चेपणाची ही अट काढून टाकली की भाव कसा उतरतो ते चीनमध्ये दिसतं. जगातली बहुसंख्य कालवं तिथे पिकतात आणि मुख्यतः शिजवून, वाळवून किंवा सॉस करून खाल्ली जातात. शिंपला सुबक असण्याची गरज नाही, मांस काढून पाठवलं तरी चालतं. ज्याला स्वस्त कालव हवं आहे त्याने तेच घ्यावं: सोललेलं, शिजवायचं.