सिक्वेल आला नाही म्हणून रडण्याची योग्य पद्धत

पहिली गोष्ट, पिच्चर थेटरात असताना अजिबात जायचं नाही. 'द नाइस गाइज' अमेरिकेत २० मे २०१६ ला लागला, त्याच शुक्रवारी 'अँग्री बर्ड्स' पण लागला, आणि पब्लिकने शहाणपणा करून पक्ष्यांची तिकिटं काढली. ५ कोटी डॉलर घातले, जगभरातून जेमतेम ६ कोटींच्या वर आले, त्यातला थेटरवाल्यांचा वाटा गेला की हाती धुपाटणं, मग सिक्वेल कुठून येणार? आपण मात्र चार-पाच वर्षांनी मित्राच्या लॉगिनवरून, रात्री पांघरुणात, मोबाइलवर बघायचा आणि म्हणायचं अरे काय पिच्चर आहे, कोणी सांगितलं कसं नाही!

बघताना वही-पेन घेऊन बसू नका. १९७७ चं धुरकट लॉस एंजेलिस, एक पॉर्न नटी मेलेली, एक पोरगी गायब, एका फिल्मच्या डब्यामागे सगळे धावतायत आणि तळाशी काय तर धूर कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर डेट्रॉइटच्या गाडीवाल्यांनी मिळून दाबून ठेवलाय. घोळ झाला ना डोक्यात? होऊ द्या, पडद्यावर तपास करणाऱ्या दोघांचाही, रायन गॉसलिंग आणि रसेल क्रोचा, झालाय. इथे तपास म्हणजे रायन गॉसलिंगने पार्टीत दारू पिऊन वरून पडायचं, उतारावरून घरंगळत जायचं आणि थांबायचं ते नेमकं मढ्याशेजारी. पटकथेचा आळशीपणा आहे हो हा, पण तो ज्या आवाजात किंचाळतो ना त्यानंतर तक्रार करायची ताकदच राहत नाही.

जोडीची केमिस्ट्री वगैरे शब्द वापरायचे असतील तर जपून वापरा, कारण पहिल्याच भेटीत रसेल क्रो गॉसलिंगचा हात मोडतो, आणि मोडायच्या आधी डॉक्टरला काय सांगायचं तेही समजावून देतो. मग तो प्लास्टरवाला हात घेऊन गॉसलिंग संडासात बसलाय, पँट खाली, तोंडात सिगरेट, एका हातात पिस्तूल, आणि दार काही केल्या उघडं राहत नाही. एवढ्याचसाठी बघितलात तरी पैसे वसूल (मित्राचे).

डिटेक्टिव्ह असून गॉसलिंगला वास येत नाही यावर मनसोक्त हसून घ्या. पुढे कळतं की घरातली गॅसगळती त्यामुळेच कळली नाही आणि त्यातच बायको गेली. दिग्दर्शक शेन ब्लॅकचं हेच आवडतं मला, आधी हसवतो मग कानाखाली देतो.

दोष काढायचेच असतील तर पिच्चरमधल्या बायकांकडे बघा. गॉसलिंगची शाळकरी पोरगी हॉली सोडली, जिला बापापेक्षा जास्त अक्कल आहे, तर बाकीच्यांना दोनच कामं, मरायचं नाहीतर पिस्तूल रोखायचं. १९९७ च्या 'एल. ए. कॉन्फिडेन्शियल'मधली क्रो आणि किम बेसिंजर ही जोडी परत हाताशी होती, तिला इथे पार वाया घालवलंय. आणि शेवटी ऑटो शोमध्ये तो डबा इकडून तिकडे पळवण्यात जो वेळ खाल्लाय, तेवढ्यात चहा टाकून या, काही चुकत नाही.

मग स्टेटस टाका, 'असे सिनेमे हल्ली बनतच नाहीत', खाली रडका इमोजी. येत्या शुक्रवारी असलाच एखादा लागतोय म्हणता? थांबा की राव, दोन महिन्यांत मोबाइलवर येईलच.