हलके बॅकअप

काल संध्याकाळी मेल आली, 'कळवण्यास खेद होतो की...' खेद बहुधा यंत्राला झाला असावा, कारण खाली 'या मेलला उत्तर देऊ नये' अशी तळटीप होती. सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींच्या परिषदेला पाठवलेला माझा पेपर परत आला. परत येण्याचं मला विशेष काही नाही, सवय आहे. पण तिसऱ्या रिव्ह्यूअरनं खाली लिहिलेलं वाक्य रात्रभर टोचत राहिलं: लेख जाहिरातीसारखा वाटतो, नेमकं बिघडलं काय ते शेवटपर्यंत कळत नाही.

अरे, नेमकं बिघडलं काय ते मला विचारा ना!

आमच्याकडे रोज रात्री एक स्क्रिप्ट डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या माहितीची प्रत, काढते, तो पाइपमधून, म्हणजे एका कमांडच्या हातून थेट दुसरीच्या हाती, जीझिपकडे जातो आणि जीझिप तो दाबून फाइल करून ठेवतो. एके दिवशी कुणीतरी पासवर्ड बदलला. डम्प दारातच अडला. त्याचा आरडाओरडा ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता, कारण एरर मेसेज आम्हीच पूर्वी डेव्ह-नल नावाच्या संगणकातल्या अथांग खड्ड्यात सोडून दिले होते. आता शेलची, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, रीत अशी, की पाइपलाइन यशस्वी झाली का हे शेवटच्या कमांडला विचारायचं. शेवटचा होता जीझिप. त्याच्या हाती काहीच आलं नव्हतं. ते काहीच-नाही त्यानं इमानेइतबारे दाबलं आणि 'सगळं ठीक' म्हणून शून्य परत केला. काहीच-नाही दाबलं की फाइल बरोबर २० बाइटची होते. वरचा मायना १० बाइट, खालची सही-तपासणी ८ बाइट आणि मध्ये 'मजकूर नाही' एवढं सांगायला २ बाइट. कार्यालयीन पत्रव्यवहारही याहून वेगळा नसतो.

अशा ४१ फायली साचल्या. रोज सकाळी 'बॅकअप यशस्वी'ची मेल. बेचाळिसाव्या रात्री रिस्टोअरची, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणायची, गरज पडली, तेव्हा कळलं. स्क्रिप्टच्या माथ्यावर पाइपफेलची, म्हणजे मधली कुठलीही कमांड पडली तरी सगळं फसलं असं धरायला सांगणारी, एक ओळ असती तर पहिल्याच रात्री बोंब झाली असती. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची तरी रात्र वाचेल. लिहूया.

पण पेपर बाहेर पाठवायचा तर वरून परवानगी लागते. परवानगी देतात जनसंपर्क विभागातल्या मॅडम. स्वभावानं अत्यंत गोड. पेपरची प्रिंट काढून, तीन रंगांची पेनं घेऊन बसल्या होत्या.

"छान लिहिलंय हं. फक्त हे 'बॅकअप रिकामे होते', हे जरा निगेटिव्ह वाटतंय."

"रिकामेच होते, मॅडम."

"हो, पण 'हलके' म्हटलं तर?"

"हलके म्हणजे... आत काहीच नव्हतं."

"पण बॅकअप रोज घेतला जात होता ना?"

"घेतला जात होता. त्यात काही नव्हतं."

"म्हणजे घेतला जात होता!" असं म्हणून त्यांनी हिरव्या पेनानं बरोबरची खूण केली. त्या क्षणी मला जीझिपची आठवण झाली.

मग '४१ दिवस'चं 'काही काळ' झालं. डेव्ह-नलपाशी त्या थबकल्या. "काहीतरी नळात सोडलंय असं लिहिलंय. हे पर्यावरण समितीला दाखवलंत का?" मी नल समजावून सांगितला: जिथे टाकलेलं कायमचं नाहीसं होतं अशी जागा. त्या म्हणाल्या, "मग तर दाखवायलाच हवं." ते वाक्य गेलं. 'पहाटे तीन वाजता मी सर्व्हर रूमच्या फरशीवर बसलो होतो' याचं 'टीमने अहोरात्र पुढाकार घेतला' झालं.

"टीम म्हणजे मी एकटाच होतो."

"टीममध्ये तुम्ही आहातच की."

यावर काय बोलणार?

त्या गेल्यावर मी पेपर वाचला. एका कंपनीत हलके बॅकअप होते, ते अधिक समृद्ध करण्यात आले, असा त्याचा सारांश होता. तरी मी तो पाठवला, हा माझा नादानपणा. तोही अगदी शेवटच्या तासाला. या परिषदांची डेडलाइन 'पृथ्वीवर कुठेही' ती तारीख संपेपर्यंत असते, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतून उणे १२ तास. आणि ही वेळ पाळणारी बेकर आणि हाउलंड ही बेटं निर्मनुष्य आहेत. आमच्या कामाच्या वेळा ठरवायला याहून योग्य जागा सापडली नसती.

खरं तर हा धंदा उभाच राहिला तो वैताग चारचौघांत सांगण्यावर. १९८७ साली फिलाडेल्फियात युझनिक्स या संगणकवाल्यांच्या संघटनेनं 'मोठ्या इन्स्टॉलेशन'च्या सिस्टिम अ‍ॅडमिनसाठी पहिली कार्यशाळा भरवली, तेव्हा शंभरावर युजर किंवा गिगाबाइटभर साठा असला की ते 'मोठं' इन्स्टॉलेशन. पुढे तीच 'लिसा' परिषद झाली. नेटवर्कवरच्या वाहतुकीचे आलेख काढणाऱ्या एमआरटीजी या प्रोग्रॅमचं बघा. ६४ किलोबिटची एक लाइन सदा तुंबलेली का असते हे बघायला १९९४ मध्ये ते लिहिलं गेलं आणि १९९८ च्या लिसामध्ये त्यावर पेपर झाला. 'आमची लाइन काही काळ लोकप्रिय होती' असं लिहून भागलं असतं, तर आलेख कुणी काढले असते? लिसाही २०२१ नंतर भरली नाही. आता जी ती परिषद 'अपयशाच्या खऱ्या गोष्टी पाठवा' म्हणते आणि ज्याच्याकडे खरी गोष्ट असते त्याच्या प्रिंटवर कुणीतरी तीन रंगांची पेनं घेऊन बसलेलं असतं. फुकट लिहायचं, सुट्टीच्या दिवशी लिहायचं, आणि वर ऐकायचं काय, तर जाहिरात वाटते!

आज सकाळी परवानगीचा फॉर्म बंद करायची आठवण आली. 'पेपर स्वीकारला नसल्यास कारण' असा रकाना होता. मी तिसऱ्या रिव्ह्यूअरचं वाक्य जसंच्या तसं चिकटवलं.

दहा मिनिटांत मॅडमचा फोन. "अहो, ते कारण वाचलं. जरा निगेटिव्ह वाटतंय."