वडिलोपार्जित पॉमला हात लावू नये

मावेनवर, म्हणजे जावाचे प्रोजेक्ट बांधायच्या साधनावर, चाळीस प्रोजेक्ट असलेल्या कंपनीत एक पॅरेंट पॉम असतोच : प्रत्येक प्रोजेक्टच्या पॉम नावाच्या सेटिंग-फाइलला वारसा देणारी सामाईक फाइल. सामाईक जमिनीसारखा. पीक सगळे घेतात, बांध कोणी घालत नाही, आणि सातबाऱ्यावर ज्यांची नावं ते केव्हाच नोकरी सोडून गेलेले. त्यात सोर्स १.७, टार्गेट १.७, म्हणजे जावा ७, असं कोरलेलं असतं. जावा ७ आली २०११ साली. शिलालेखच म्हणा ना. तेव्हा पहिला नियम : नमस्कार करायचा आणि पुढे जायचं.

या आठवड्यात जेडीके २१ (जावाचा कंपायलर आणि लायब्ररी यांचा संच) टाकलात आणि बिल्ड फुटलं? चूक तुमची. कंपायलरने सोर्स ७ विसाव्या आवृत्तीतच बंद केलं, त्याआधीपासून वॉर्निंगही येत होती. पण वॉर्निंग वाचायची नसते.

जेडीके ८ वरच राहा. सुखी राहाल.

फारच धाडस असेल तर १.७ चं १.८ करा आणि 'फिक्स्ड' असा कमिट टाका. सोर्स आणि टार्गेट फक्त भाषा आणि बाइटकोडची (कंपाइल झालेल्या कोडची) आवृत्ती ठरवतात. लायब्ररी मात्र तुमच्या नव्या जेडीकेचीच वापरली जाते, हे कोणाला सांगू नका. उदाहरणार्थ, लायब्ररीतल्या बाइटबफर क्लासची फ्लिप मेथड जावा ९ पासून बाइटबफरच परत करते. ८ मध्ये ती वरच्या बफर क्लासची होती आणि बफर परत करायची. म्हणजे २१ वर कंपाइल होतं, २१ वर टेस्ट हिरव्या होतात, आणि ग्राहकाच्या जावा ८ च्या सर्व्हरवर, शुक्रवारी संध्याकाळी, नोसचमेथडएरर : अशी मेथडच नाही! कंपायलर ओरडून सांगत होता की बूटस्ट्रॅप क्लासपाथ, म्हणजे जुन्या लायब्ररीचा पत्ता, दिलेला नाही. तुम्ही एक्सलिंट या वॉर्निंगच्या पर्यायाने त्याचंच तोंड बंद केलंत. यासाठीच भाषा, बाइटकोड आणि लायब्ररी तिन्ही एकाच आवृत्तीला बांधणारा रिलीज हा पर्याय जेडीके ९ पासून आहे. २०१७ पासून!

मग कोणी शहाणा आपल्या प्रोजेक्टमध्ये मावेन-कंपायलर-रिलीजची प्रॉपर्टी लिहितो. काही होत नाही. कारण पॅरेंटमध्ये मावेनचा कंपायलर प्लगइन ३.१ ला खिळे ठोकून बसवलाय आणि रिलीज कळतं ३.६ पासून. एररही येत नाही, गुपचूप दुर्लक्ष. सोर्सची प्रॉपर्टी कमांडवर देऊनही उपयोग नाही; कॉन्फिगरेशनमध्ये थेट लिहिलेला आकडा तिला जुमानत नाही.

अहो, इफेक्टिव्ह-पॉम, म्हणजे सगळा वारसा मिसळून तयार होणारा अंतिम पॉम, काढा ना एकदा! व्हर्बोज हा पर्याय लावला की कुठली ओळ कुठल्या पॉममधून आली ते समोर दिसतं. ते दोन आकडे पॅरेंटमधून उडवा, प्लगइन वर न्या, रिलीज ८ प्रॉपर्टी म्हणून लिहा, म्हणजे ज्याला १७ हवं तो आपल्या घरात बदलेल. बिल्ड जेडीके ९ किंवा त्यापुढच्यावरच करा, ८ च्या कंपायलरला रिलीज समजत नाही. पॅरेंटची नवी आवृत्ती काढा आणि एकेक प्रोजेक्ट तिच्यावर आणा. पाच ओळींचं काम आहे, आणि त्यासाठी चाळीस टीम आपापल्या पॉममध्ये ठिगळं लावत बसल्यात. लाज वाटत नाही?

आणि त्या फाइलच्या वर एक नाव लिहा. अजून नोकरीत असलेल्या माणसाचं.