दीड मिनिटाची स्त्रीशक्ती

कंपन्यांना महिला दिन आठवतो तो फेब्रुवारी संपता संपता. महिना आधीच २८ दिवसांचा, त्यात आम्हा व्हिडिओवाल्यांना फोन येतो, "छोटासाच व्हिडिओ हवाय, दीड मिनिटाचा. आठ तारखेला सकाळी नऊला टाकायचाय." दीड मिनिटात सावकाश बोललं तर १८० शब्द बसतात. ब्रीफमध्ये मात्र अकरा महिला, सात विभाग, पाळणाघर, एमडी साहेबांचा संदेश आणि शेवटी पाच सेकंद लोगो. बाकी कशावरही तडजोड होते, लोगोवर नाही.

संहिता एचआरकडून तयार येते. "ती आई आहे, ती बहीण आहे, ती पत्नी आहे..." अहो, ती कारखान्यातल्या टूल रूमची इन्चार्ज आहे, ते कितव्या सेकंदाला सांगायचं? १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी महिला दिनाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मताच्या हक्काची मागणी होती. आपल्या संहितेत मागणी तेवढी नसते. दुर्गा, लक्ष्मी, सरस्वती सगळ्या असतात.

प्रश्नही ठरलेले. बायकांना विचारायचं, "घर आणि नोकरी कशी सांभाळता?" आणि साहेबांना, "कंपनीचं व्हिजन काय?" या दोन प्रश्नांची अदलाबदल सुचवून पाहावी. खोलीत एसीचा आवाज ऐकू यायला लागतो.

खरं तर एकच प्रश्न पुरतो : "गेल्या आठवड्यात काम कुठे अडलं होतं?" मग सीएनसीवरची (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवरची) ताई पाठ केलेलं "आय फील एम्पॉवर्ड" विसरते आणि सांगायला लागते, की इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, झिजला की जॉबचं (घडवायच्या तुकड्याचं) फिनिश बिघडायच्या आधी आवाज बदलतो, तो कानाला कळतो, आणि हात आपोआप मशीनची चाल थांबवणाऱ्या 'फीड होल्ड' बटणाकडे जातो. सांगतानाही हात तसाच जातो. ती बारा सेकंदं सोन्याची. मंजुरीच्या पहिल्याच फेरीत ती कापली जातात, कारण "फार टेक्निकल होतंय".

आता माइक. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा, इथवर सोपं आहे. पण कॉलर कुठाय? आदल्या दिवशी फर्मान निघालेलं असतं : सगळ्यांनी जांभळी साडी. भरजरी पदर माइकला घासला की कानात पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज येतो, आणि मंगळसूत्र दर वाक्याला टक्कन वाजतं. यावर उपाय असा : कापडी टेपची चिकट बाजू बाहेर ठेवून दोन घड्या करायच्या, त्यांच्यामध्ये माइक धरून तो ब्लाउजच्या कडेला आतून चिकटवायचा, वायरचं एक सैल वेटोळं सोडायचं, पदराला तीन पिना लावायच्या, मंगळसूत्र आत सारायचं. राहिला ट्रान्समीटर. पत्त्यांच्या कॅटाएवढा हा डबा ज्याने बनवला, त्याच्या डोळ्यांसमोर पट्टा लावलेली पँट असणार. साडीला ना पट्टा ना खिसा. तो कमरेला मागच्या बाजूला परकराच्या नाडीत खोचावा लागतो. हे सगळं करणार कोण? साउंडवाला दादाच असतो. तो पाठ फिरवून उभा राहतो आणि एचआरच्या मॅडमना हाक मारतो. अकराव्या बाईपर्यंत मॅडम इतक्या तयार होतात की बॅटरी कधी बदलायची तेही त्याच सांगतात.

बाइट, म्हणजे मुलाखतीचा तुकडा, शॉप फ्लोअरवर घ्यायचा तर प्रेस थांबवावा लागतो, आणि सुपरवायझरला महिला दिनापेक्षा शिफ्टचं टार्गेट जवळचं. म्हणून जेवणाच्या सुट्टीतली ३० मिनिटं मिळतात. म्हणजे महिलांचा सन्मान त्यांना उपाशी ठेवून होतो. त्यातही कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंद सोडून भलतीकडे ठेवलं, तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरच्या दिव्यांखाली चित्रावर काळपट पट्टे सरकत राहतात. हे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दिसत नाही, रात्री एडिटला दिसतं. आणि बूट! सेफ्टी शूजचं कपाट उघडलं की नंबर ८, ९, १०. चार नंबर पायाच्या मॅडम आत वर्तमानपत्र कोंबून "आमच्याकडे सर्वांना समान संधी आहे" म्हणत चालत येतात. हा शॉट स्लो मोशनमध्ये का घेतात? बघणाऱ्याला वाटतं, रुबाबासाठी.

पाळणाघराचा शॉट टाळता येत नाही. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघर सक्तीचं आहे, त्यामुळे ते असतं. खेळण्यांवरचं प्लास्टिक तेवढं काढून घ्यावं, लाइट मारल्यावर फार चमकतं. मूल बहुधा अकाउंट्समधल्या कुणाचा तरी नातू.

मग एडिट. टाइमलाइन खोटं बोलत नाही. पहिल्या कटमध्ये सेकंद मोजावेत : साहेब ३८, अकरा महिला मिळून ३४, फुगे आणि केक १३, लोगो ५. साहेबांचे ३८ कमी करा म्हटलं की बायकांचे ३४ कमी होतात.

पडद्यावरच्या मराठीचं निराळंच दुखणं. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडलं नसेल, तर जोडाक्षरं फुटतात. "स्त्रीशक्ती" टाइप करावं तर स वेगळा, त वेगळा, र वेगळा, पायमोडके सगळे रांगेत उभे. ते नीट केलं की "शक्ती" दीर्घ की ऱ्हस्व यावर सात जणांचा कॉन्फरन्स कॉल होतो. दीर्घ, हे मराठी शाळेतलं पोरही सांगेल.

"समान संधी, समान वेतन" असं मोठ्या अक्षरांत टाकायच्या आधी मात्र आम्ही हात जोडतो. कंपनी शेअर बाजारात असेल तर स्वतःचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल उघडा. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने तो २०२२-२३ पासून सक्तीचा केलाय, आणि त्यात पुरुष आणि स्त्रिया यांच्या पगाराचा मध्यक (पगार रांगेत लावले की मधोमध येणारा आकडा) शेजारीशेजारी छापलेला असतो. ब्रिटनमध्ये २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्यांना असे आकडे २०१७ पासून जाहीर करावे लागतात. तिथे 'जेंडर पे गॅप बॉट' नावाच्या ट्विटर खात्याचा एकच उद्योग होता : कंपनीने महिला दिनाच्या शुभेच्छा टाकल्या की तिच्याच वेतन-तफावतीचा आकडा जोडून त्या पुन्हा फिरवायच्या. कित्येकांनी शुभेच्छाच पुसून टाकल्या. एवढं मीटिंगमध्ये सांगितलं की दहा मिनिटांत "समान वेतन" जाऊन तिथे "समान स्वप्नं" येतात.

फायनल_फायनल_४ सात तारखेला रात्री मंजूर होते. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर सगळ्या जांभळ्या साड्यांचा लगदा होतो.

उरते नामावली. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन, ड्रोन : पाचही दादा. अकरा जणींना माइक लावणाऱ्या मॅडमचं नाव 'विशेष आभार'मध्ये, केकवाल्या बेकरीच्या खाली, अगदी शेवटच्या ओळीत. रील टाकली की कॅप्शन नेमकं त्या ओळीवर येतं.