नेपाळची तलवार कोणाच्या बाजूने होती?

१८५७ साली एकट्या नेपाळने इंग्रजांविरुद्ध तलवार उपसली, नानासाहेब पेशव्यांना राजाश्रय दिला आणि त्यांचा घात केला तो त्यांच्या मुसलमान साथीदारांनी, असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. धाराशिवला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने तो चक्क अभ्यासाच्या वहीत उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

नेपाळने तलवार उपसली खरी, पण इंग्रजांच्या बाजूने. नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा स्वतः हजारो गोरखा सैनिक घेऊन निघाले आणि मार्च १८५८ मध्ये लखनौ परत घेणाऱ्या इंग्रज फौजेला जाऊन मिळाले. याला कोणा इतिहासकाराची साक्ष नको. १ नोव्हेंबर १८६० चा इंग्रज-नेपाळ तह वाचावा. बंडाच्या काळात नेपाळने मैत्री पाळली, सैन्य दिले आणि लखनौ घेण्यास हातभार लावला, हे त्याच्या प्रस्तावनेतच नमूद आहे, आणि त्याची बक्षिसी म्हणून काली व राप्ती या नद्यांमधला तराईचा, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचा सखल पट्टा, जो इंग्रज-नेपाळ युद्धानंतरच्या सुगौलीच्या तहात नेपाळच्या हातून गेला होता, तो नेपाळला परत मिळाला. इंग्रज कोणाला मुलूख परत देत, हे धाराशिवकरांना तरी सांगावे लागू नये: १८५३ मध्ये निजामाकडून घेतलेला आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही त्याच १८६० साली अशाच निष्ठेपोटी निजामाच्या पदरात पडला.

राजाश्रयाची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. इंग्रजांशी लढलेल्या अवधच्या बेगम हजरत महल, त्यांचा मुलगा बिरजिस कद्र आणि पेशव्यांच्या घरातील स्त्रिया यांना जंगबहादूरांनी इंग्रजांच्या स्वाधीन केले नाही. बेगम १८७९ मध्ये काठमांडूतच वारल्या. मात्र तराईत शिरलेल्या बंडवाल्यांना हुसकावण्यासाठी इंग्रज पलटणींना नेपाळच्या हद्दीत येऊ देणारेही तेच जंगबहादूर होते. नानासाहेब १८५९ मध्ये तराईतच तापाने गेल्याची बातमी आली. इंग्रजांना ती पटली नाही आणि १८७४ मध्ये ग्वाल्हेरला नानासाहेब म्हणून भलत्याच माणसाला पकडण्यापर्यंत मजल गेली.

राहिला मुसलमानांनी केलेल्या घाताचा आरोप, जो या मजकुरातला सर्वांत विषारी भाग आहे. पेशव्यांच्या तनख्याचे गाऱ्हाणे घेऊन लंडनला गेलेला अजीमुल्ला खान पराभवानंतरही नानासाहेबांबरोबर त्या तापाच्या तराईत गेला होता. भाचीने वहीतले ते पान फाडलेले नाही, पण त्यावर लाल शाईने काट मारून शेजारी तहाची तारीख लिहिली आहे.