हात वर करायला लावू नका

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. कुणीतरी शाळेला वह्यांचा गठ्ठा दिला होता आणि मी मोठ्या उत्साहात वर्गात विचारलं, "कुणाकुणाकडे वह्या नाहीत? हात वर करा." तीन हात वर आले. वह्या निदान दहा जणांना हव्या होत्या, हे मला पक्कं माहीत होतं. बाकीचे सात जण दप्तरात काहीतरी शोधायला लागले. त्यातली एक मुलगी पुढे दोन महिने जुन्या वहीतलं पेन्सिलीचं लिखाण खोडून त्यावर लिहीत होती. तिने हात वर केला नव्हता.

उरलेल्या वह्या मी कपाटात ठेवून दिल्या. "कुणी मागितल्याच नाहीत," असं मुख्याध्यापकांना सांगितलंसुद्धा. आज आठवलं की कान गरम होतात.

गरीब घरातल्या मुलांना शाळेनं मदत करावी, यावर कधी कुणाचं दुमत नसतं. मदत द्यायची कशी, यावर मात्र आपण फारसं बोलतच नाही. इतक्या वर्षांनंतर माझं मत असं झालंय की जी मदत चारचौघांत मागावी लागते, ती सगळ्यात गरजू मुलापर्यंत पोचत नाही. भूक सहन होते, वर्गमित्रांच्या नजरा सहन होत नाहीत. बारा-तेराव्या वर्षी तर नाहीच नाही.

अमेरिकेत शाळेच्या जेवणाचे पैसे थकले की काही ठिकाणी मुलाच्या हातावर शिक्का मारत, काही ठिकाणी वाढलेलं ताट परत घेऊन कचऱ्यात टाकत. असले प्रकार बंद करायला न्यू मेक्सिको राज्याला २०१७ साली चक्क कायदा करावा लागला. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरानं सगळ्याच सरकारी शाळांत सगळ्यांना जेवण मोफत केलं. गरीब कोण, श्रीमंत कोण, हा प्रश्नच ताटापाशी उरला नाही. त्याआधी तिथल्या काही शाळांतच ही सोय होती; त्या काळातल्या माध्यमिक वयाच्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा जेवण सर्वांना मोफत असलेल्या शाळांत जेवणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसली आणि परीक्षेतले गुणही. फिनलंडमध्ये तर १९४८ पासून प्रत्येक मुलाला शाळेत मोफत जेवण मिळतं. तो देश तेव्हा युद्धातून नुकताच बाहेर पडत होता, श्रीमंत वगैरे अजिबात नव्हता. "आमच्याकडे पैसे आले की करू" म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतेय.

आता "लक्ष नसतं" या शेऱ्याबद्दल. प्रगतिपुस्तकावर मी तो किती वेळा लिहिला असेल, मोजदाद नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अर्थतज्ज्ञ सेंदिल मुल्लैनाथन, मानसशास्त्रज्ञ एल्दार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना कोड्यांसारख्या चाचण्या दिल्या, एकदा तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि एकदा तोडणीनंतर पैसा आल्यावर. माणसं तीच, पण तंगीच्या दिवसांत त्यांची कामगिरी घसरलेली होती. पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवून बसते, असा त्यांचा निष्कर्ष. पोक्त माणसांचं असं होतं, तर घरमालक आज येणार की उद्या, या काळजीत झोपलेल्या मुलानं सकाळी अपूर्णांकात रमावं ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? तेव्हापासून तो शेरा मी लिहिलेला नाही.

शाळा "मोफत" असली तरी फुकट नसते. कार्डशीट आणा, रंगीत कागद आणा, प्रकल्पाची प्रिंट काढून आणा, स्नेहसंमेलनाला पांढरे बूट घाला. हे सगळं आम्ही शिक्षकच सांगतो, तेही आदल्या दिवशी. एका मुलाचा प्रकल्प तीन वेळा "घरी राहिला" होता. तिसऱ्यांदा मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. प्रकल्प नव्हताच, कारण कार्डशीट नव्हती. खोटारडा ठरणं त्याला गरीब ठरण्यापेक्षा परवडलं. गृहपाठ मोबाइलवर पाठवण्याचंही तसंच. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर, आणि वडील परततात रात्री दहाला. उशिरा येणाऱ्यांना आम्ही दंड करतो, पण धाकट्या भावंडाला सोडून मग धावत येणारी मुलगी त्या रांगेत कायम पहिली असते. आणि फी थकली म्हणून निकाल अडवून ठेवणं म्हणजे आईबापांच्या कर्जासाठी लेकराला तारण ठेवणं. याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

म्हणून म्हणते, आधी एक काम करावं. वर्षभरात आपण मुलांकडून काय काय मागवतो, याची प्रत्येक शाळेनं एक यादी करावी. आम्ही केली तेव्हा दोन पानं भरली. निम्म्या गोष्टी नुसत्या सवयीनं चालल्या होत्या. त्या बंद केल्या, कुणाचंही काही अडलं नाही.

चष्म्याचं एक सांगायलाच हवं. फळ्यावरचं दिसत नाही हे मूल स्वतःहून सांगत नाही, कारण सगळ्यांनाच असं अंधूक दिसतं असं त्याला वाटत असतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात शाळेतच डोळे तपासून मोफत चष्मे दिले, तेव्हा पहिल्या वर्षी वाचनातले गुण वाढले. मागे पडलेल्या मुलांचे जास्त वाढले. दुसऱ्या वर्षी तो फरक ओसरला. चष्मे मोडले, हरवले, घालायचे राहून गेले, अशी कारणं असू शकतात, असं अभ्यासकांचं म्हणणं. मला हा दुसऱ्या वर्षाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. वाटपाचा फोटो पहिल्या वर्षी निघतो. मोडलेल्या काडीचा फोटो कुणी काढत नाही. फोटोवरून आठवलं, मदत घेणाऱ्या मुलाचा फोटो काढणं तर आजच्या आज बंद करा.

दयेचंही एक दुखणं आहे. "बिचारा, जमेल तेवढं कर" असं म्हणत आपण त्या मुलाला सोपी गणितं देत जातो. मीही दिली आहेत. मुलं फार हुशार असतात, आपल्याकडून कुणाला काय अपेक्षा आहे हे त्यांना बरोबर कळतं. त्याला शिदोरी जास्त द्या, पण गणित तेवढंच अवघड द्या.

यावर स्टाफरूममध्ये हमखास येणारं उत्तर: "फुकटची सवय लागते." लागते ना. आमच्या वर्गात आता वह्या-पेनांचा एक खण कायम उघडा असतो. कुणीही घ्यावं, कुणाला सांगायचं नाही, नोंद नाही. सुखवस्तू घरातली दोन पोरं त्यातली पेनं सर्रास उचलतात, मला दिसतं. उचलू देत. त्या दोघांमुळेच इतरांना तिथे जाताना संकोच वाटत नाही.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे: "शिक्षकानं काय काय करायचं?" घरातली गरिबी शाळा घालवू शकत नाही. पगार, घर, औषधपाणी हे सरकारचं आणि समाजाचं काम, ते आमच्या माथी मारू नये. पण दंड, याद्या, हात वर करायला लावणं, हे तर आमचंच आहे. ते बंद करायला कुठला निधी लागत नाही.

पुढच्या आठवड्यात सहलीची सभा आहे. दरवर्षी पैसे न भरलेल्यांना त्या दिवशी सुट्टी मिळते, आणि दुसऱ्या दिवशी निबंध येतो 'आमची सहल'. यंदा मी म्हणणार आहे, सगळे जाऊ किंवा जवळच कुठेतरी पायी जाऊ. विरोध होईल. बसवाल्याला आगाऊ पैसे दिलेत असंही कानावर आलंय.